मदत हवी आहे: काजूच्या बागेतली ही बारीक गोचीड कुठल्या जातीची?

नमस्कार मंडळी. आमचं गाव दोडामार्ग तालुक्यात. काजूचा हंगाम आहे, आईबाबा रोज सकाळी बी गोळा करायला बागेत जातात. काल बाबांच्या पोटरीला तिळापेक्षा लहान, तांबूस गोचीड चिकटलेली दिसली. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढली, जागा साबणाने धुतली. ती डबीत जपून ठेवली आहे.

भिंगातून आठ पाय दिसले, म्हणजे सहा पायांची अळी नव्हे, तिच्या पुढची अवस्था असावी. भीती नेमकी तीच आहे. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडलेला माकडताप २०१६ मध्ये आमच्या तालुक्यातही आला, आणि माणसाला तो मुख्यतः हिमाफायसॅलिस गोचिडीच्या याच मधल्या अवस्थेकडून होतो. गोठ्यात गाईंच्या कानामागे रक्त पिऊन टम्म फुगलेल्या करड्या गोचिडी आम्ही लहानपणापासून बघतो. ही तशी वाटत नाही, पण एवढ्या लहानपणी सगळ्याच सारख्या दिसत असतील का?

पशुवैद्यक किंवा कीटकशास्त्र शिकलेलं कोणी आहे का इथे? तोंडाची ठेवण बघून साध्या भिंगाने जात ठरवता येते, की सूक्ष्मदर्शक लागतोच? तपासायला द्यायची तर कोरडी ठेवू की स्पिरिटमध्ये?

बाबांना अजून ताप नाही. आठवडाभर रोज बघणार आहे, अंग तापलं तर लगेच दवाखान्यात नेऊन गोचीड चावल्याचं आधी सांगेन. आसपास मेलेलं माकडही दिसलेलं नाही. पण उद्या दोघं पुन्हा बागेत जातील, म्हणून कृपया लवकर सांगा.