मदत हवी आहे: तीन सेवांसाठी एकच डिझाइन सिस्टीम, आणि त्यात देवनागरीची सोय

नमस्कार मंडळी,

मी एका कर्जपुरवठा कंपनीत फ्रंटएंडचे, म्हणजे वापरकर्त्याला दिसणाऱ्या भागाचे, काम पाहते. आमचे ग्राहकांसाठीचे संकेतस्थळ रिअ‍ॅक्टमध्ये, मोबाइल अ‍ॅप फ्लटरमध्ये आणि शाखांतले जुने पोर्टल जावामध्ये आहे. तिन्ही वेगवेगळ्या टीमनी वेगवेगळ्या काळात उभे केल्यामुळे हप्ता भरण्यासाठी एकीकडे ‘पुढे चला’, दुसरीकडे ‘सादर करा’, तर तिसरीकडे ‘सबमिट’ असे बटण आहे. संकेतस्थळावर हिरव्या बटणाची सवय झालेले एक आजोबा शाखेत बसून अ‍ॅपमध्ये तेच हिरवे बटण शोधत होते. निळे बटण समोर असूनही त्यांनी शेवटी फोन माझ्या हातात दिला. ही गोष्ट मला फार लागली. म्हणूनच तिन्हींसाठी रंग, बटणे आणि शब्द यांची एकच सामाईक व्यवस्था, म्हणजे डिझाइन सिस्टीम, करायची आहे.

गेल्या वर्षी आम्ही फिग्मा या डिझाइनच्या साधनामध्ये कंपोनंटची (बटणासारख्या तयार घटकांची) लायब्ररी केली होती, परंतु कोडमध्ये तिला कोणी वाली नसल्यामुळे काही महिन्यांतच चित्रातले बटण आणि प्रत्यक्षातले बटण यांचा मेळ राहिला नाही. म्हणून आता कंपोनंटना हात न लावता आधी रंग, अंतरे आणि अक्षरांचे माप ही टोकन (नाव दिलेली सामाईक मूल्ये) एका जेसन फाइलमध्ये ठेवून, स्टाइल डिक्शनरी या साधनाच्या साहाय्याने तिच्यातूनच संकेतस्थळासाठी सीएसएस आणि अ‍ॅपसाठी डार्ट अशा दोन्ही फाइल तयार कराव्यात, असे माझे मत आहे. जुन्या पोर्टलला निदान रंग तरी त्यातून मिळतील.

खरी अडचण देवनागरीची आहे. इंग्रजीसाठी ठरवलेल्या १६ पिक्सेल अक्षराला २० पिक्सेलची ओळ पुरते. मात्र त्याच बटणात ‘पूर्ण करा’ लिहिले की वरचा रफार आणि खालचा दीर्घ ऊकार दोन्ही कापले जातात. ओळीची उंची भाषेनुसार वेगळे टोकन म्हणून ठेवावी, की सर्वच भाषांसाठी २४ करून मोकळे व्हावे? दुसऱ्या मार्गाने शाखांच्या पोर्टलमधले दाट तक्ते फार लांबतात.

दुसरा प्रश्न जबाबदारीचा आहे. २०१८ मध्ये खुल्या झालेल्या ब्रिटिश सरकारच्या डिझाइन सिस्टीममध्ये नवा घटक सुचवणाऱ्याला तो उपयुक्त आहे आणि आधीच्या कशाची पुनरावृत्ती नाही, हे दाखवावे लागते. ही पद्धत मला पटते. पण तिथे त्यासाठी स्वतंत्र टीम आहे आणि आमच्याकडे तिन्ही टीममधून प्रत्येकी एक माणूस आठवड्यातून एकच दिवस मिळणार आहे. एवढ्या मनुष्यबळावर कोणी अशी व्यवस्था टिकवली असल्यास, बदलाला अंतिम मंजुरी कोण देत असे आणि बटणांवरची मराठी शब्दयोजना कोणाच्या ताब्यात होती, हे कृपया सविस्तर सांगावे.