वॉच हिस्ट्री नक्की कुणाची?

पानगळ (धागा):

वडिलांना कंपवात असल्याचं निदान झालं त्या आठवड्यात मी रोज रात्री उशिरापर्यंत व्हिडिओ पाहत होते. हात का थरथरतो, गिळायला त्रास व्हायला लागला तर काय करायचं, हा आजार शेवटी कुठवर जातो. घरात कुणालाच सांगितलं नव्हतं, वडिलांनाही अर्धवटच. चौथ्या दिवशी कुणीतरी बैठकीतल्या टीव्हीवर गाणी लावायला गेलं आणि पहिल्याच पानावर एकाखाली एक तेच सगळे व्हिडिओ. वडील समोर बसलेले. त्यांनी सगळी शीर्षकं वाचली, बोलले काहीच नाहीत.

टीव्हीवर माझंच खातं होतं, तेवढी चूक माझी. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. नाव, फोन नंबर, जन्मतारीख मी स्वतः भरून दिली होती. कोणता व्हिडिओ किती सेकंद पाहिला, कुठे मागे जाऊन पुन्हा पाहिला, रात्री किती वाजता पाहिला, हे मी कुणालाच दिलं नव्हतं. ते आपोआप टिपलं गेलं. आणि माझ्या दृष्टीने फोन नंबरापेक्षा हे कितीतरी जास्त खासगी आहे.

हे पूर्वी लोकांना कळत होतं. १९८७ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट बोर्क यांचं नाव सर्वोच्च न्यायालयासाठी पुढे आलं, तेव्हा त्यांनी दुकानातून भाड्याने नेलेल्या व्हिडिओ कॅसेटची यादी एका वृत्तपत्राने छापली. यादीत लाजण्यासारखं काहीच नव्हतं. तरीही पुढच्याच वर्षी खास त्यासाठी कायदा झाला. दुकानदाराने ही यादी संमतीशिवाय कुणाला द्यायची नाही आणि गरज संपल्यावर जास्तीत जास्त वर्षभरात ती नष्ट करायची.

माझं म्हणणं एवढंच की पाहण्याची नोंद थोड्या काळात आपोआप पुसली जावी, आणि जाहिरातीसाठी वापरायची असेल तर आधी स्पष्ट विचारावं.

फळाखडू:

वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. पण मुद्द्याशी असहमत.

मी यूट्यूबवर गणित शिकवणारं छोटं चॅनेल चालवतो. मला नेहमीच्या व्हिडिओवरच्या जाहिरातीच्या उत्पन्नातले ५५ टक्के मिळतात, आणि बघणाऱ्याची आवड ओळखून दाखवलेल्या जाहिरातीला सहसा जास्त भाव येतो. २०२० च्या जानेवारीत मुलांसाठीच्या व्हिडिओंवर अशा जाहिराती बंद झाल्या तेव्हा अनेक चॅनेलवाल्यांचं उत्पन्न घटलं. त्यांत चांगलं शिकवणारेही होते.

दुसरं असं की, लोक कुठे सोडून जातात त्याचा आलेख मला दिसतो. त्यात कुणाचंही नाव नसतं. त्यावरूनच मला कळलं की माझी प्रस्तावना लांबते आणि अपूर्णांकांचा भागाकार लोक दोनदा पाहतात. तो भाग मी नव्याने केला. शिवाय हिस्ट्रीच नसेल तर माझ्यासारखं चॅनेल योग्य माणसापर्यंत पोचणार कसं? मग पहिल्या पानावर आधीच मोठे असलेलेच दिसत राहतील.

काठावरून:

जाहिरातींच्या व्यवसायात काही वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो.

कंपन्या म्हणतात, ‘आम्ही तुमचा डेटा विकत नाही.’ ते अर्धं खरं आहे. जाहिरातदार सांगतो की मला अमुक प्रकारची माणसं हवीत. प्लॅटफॉर्म त्यांना जाहिरात दाखवतो, नावांची यादी देत नाही. इथवर ठीक.

पण उलट दिशेनेही माहिती येते. दुकानं आणि ॲप आपल्या ग्राहकांचे ईमेल पत्ते हॅश करून, म्हणजे ठरावीक सूत्राने अक्षरांच्या साखळीत बदलून, प्लॅटफॉर्मला देतात. प्लॅटफॉर्मकडे तोच पत्ता असला की साखळी जुळते आणि खरेदी करणारा व व्हिडिओ पाहणारा हा एकच माणूस आहे हे कळतं. तिसरा प्रकार खुल्या लिलावाचा. पान उघडेपर्यंतच्या क्षणात जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो. त्यासाठी यंत्राचा ओळख क्रमांक, साधारण ठिकाण आणि काय उघडलंय हे अनेक बोलीदारांकडे जातं. जागा एकालाच मिळते, माहिती मात्र हरलेल्यांकडेही पोचलेली असते. ती त्यांनी ठेवली की टाकली, हे बाहेरून तपासणं फार अवघड.

सरळसोट:

यात नवीन काय? सेवा फुकट आहे, तिचा खर्च जाहिरात भागवते. नको असेल तर सेटिंग आहे. हिस्ट्री थांबवता येते, पुसता येते. यूट्यूबवर ३, १८ किंवा ३६ महिन्यांनी आपोआप पुसायची सोय आहे. सगळा डेटा उतरवूनही घेता येतो. दोन मिनिटांचं काम लोक करत नाहीत आणि मग कायदे मागतात. शिवाय नाव काढून टाकलं तर उरलेल्या नोंदीने कुणाचं काय बिघडतं?

पानगळ:

@सरळसोट, नावाच्या मुद्द्यावर तुमचं चुकतंय. २००६ मध्ये नेटफ्लिक्सने एका स्पर्धेसाठी सुमारे ४ लाख ८० हजार प्रेक्षकांचे १० कोटी अभिप्राय नावं काढून खुले केले. नारायणन आणि श्मातिकोव या दोन संशोधकांनी आयएमडीबी या चित्रपटांच्या माहितीच्या वेबसाइटवरच्या जाहीर अभिप्रायांशी ते ताडून पाहिले आणि काही माणसं ओळखून दाखवली. मोजक्या चित्रपटांचे अभिप्राय आणि अंदाजे तारखा पुरतात. पुढे खटला झाला आणि २०१० मध्ये दुसरी स्पर्धा रद्द करावी लागली. आपण काय काय पाहिलं, तो क्रमच आपल्या बोटाच्या ठशासारखा असतो.

आणि जे साठवलंय ते कधीतरी कुणीतरी मागतंच. २००८ मध्ये व्हायाकॉम या माध्यम कंपनीच्या कॉपीराइटच्या दाव्यात न्यायालयाने यूट्यूबला कुणी कोणता व्हिडिओ पाहिला याच्या नोंदी देण्याचा आदेश दिला होता. नंतर ओळख लपवून देण्यावर तडजोड झाली. साठवलंच नसतं तर मागायला काय उरलं असतं?

दोघांची आई:

सेटिंगबद्दल मला बोलायचंय. सेटिंग ‘असणं’ आणि ती आधीपासून कोणत्या बाजूला लावलेली असणं, यात सगळा फरक आहे. टिकटॉकला आयर्लंडच्या नियामकाने २०२३ मध्ये ३४ कोटी ५० लाख युरो दंड केला. मुलांची खाती सुरुवातीपासूनच सगळ्यांना दिसतील अशी ठेवलेली होती, हे त्यातलं एक कारण. बदलायची सोय होतीच की! तेरा वर्षांचं पोर ती शोधून बदलणार का?

२०१९ मध्ये यूट्यूब आणि गुगलने अमेरिकेत सरकारी खटल्याच्या तडजोडीत १७ कोटी डॉलर भरले, तेव्हाचे आरोपही वाचण्यासारखे आहेत. खेळणी बनवणाऱ्यांना सांगायचं की मुलांपर्यंत पोचायला आमच्यासारखं माध्यम नाही, आणि जाहिरात कंपनीला सांगायचं की तेरा वर्षांखालचे वापरकर्तेच नाहीत. पालकांना न विचारता त्या मुलांच्या मागे कुकी, म्हणजे ब्राउझरमधून माग काढणाऱ्या छोट्या फाइल, लावलेल्या होत्या. मला याचा राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

सरळसोट:

मुलांचं मान्य. तिथे मी वाद घालणार नाही. पण उपाय काय? वय तपासायचं म्हटलं की ओळखपत्र मागतील किंवा चेहरा स्कॅन करतील, आणि तेही सगळ्यांकडून. म्हणजे डेटा कमी व्हावा म्हणून केलेल्या नियमाने आणखी डेटा जमा होणार. याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

काठावरून:

हा प्रश्न खरा आहे. एक वाट अशी की व्हिडिओच मुलांसाठी आहे असं ठरलं, तर पाहणारा कोणीही असो, त्या व्हिडिओवर जाहिरातीसाठी माग काढायचाच नाही. यूट्यूबने २०२० पासून हेच केलं. वय विचारायची गरज पडत नाही. मोठ्यांचे व्हिडिओ पाहणाऱ्या मुलांना मात्र हे संरक्षण मिळत नाही.

आणि ‘हिस्ट्री बंद करा’ म्हणणं तितकं सोपं नाही. २०२३ च्या ऑगस्टपासून ती बंद असलेल्या आणि जुनी नोंदही फारशी नसलेल्या खात्यांना यूट्यूबचं पहिलं पान जवळजवळ रिकामं दिसतं. काहींना ते आवडलं. काही जण कंटाळून पुन्हा चालू करतात.

फळाखडू:

पानगळ, रात्री तुमचा धागा परत वाचला. माझ्या कामाला कालचं आणि गेल्या महिन्यातलं पाहणं पुरतं, पाच वर्षांपूर्वीचं लागत नाही. त्यामुळे तीन महिन्यांनी नोंद पुसणं हाच सगळ्यांसाठी आधीपासूनचा नियम झाला तर माझी हरकत नाही. आजाराच्या नोंदीवरून जाहिराती तर कधीच नकोत. पण सगळ्याच जाहिरातींसाठी आधी विचारायचं म्हटलं तर बहुतेक लोक नाही म्हणतील, आणि चॅनेल चालवणं मला परवडणार नाही. तिथे मी तुमच्याबरोबर नाही.

पानगळ:

बहुतेक लोक नाही म्हणतील हे तुम्हालाही ठाऊक आहे, मग न विचारता घेतलेल्या होकाराला होकार कसं म्हणायचं? यावर तुमचं-माझं जुळणार नाही. तीन महिन्यांवर जुळलं, तेवढं चांगलं झालं.

टीव्हीवर आता वेगळं खातं आहे. वडिलांशी त्याच रात्री बोलले. ते म्हणाले, ‘तुझ्या तोंडून ऐकायचं होतं मला.’