खासगी रुग्णालय-समूहात उपचारांच्या दर्जावर खरी देखरेख कोणाची असते?

मृणाल, पुणे
मी नुकतीच एका रुग्णालय-समूहाच्या गुणवत्ता विभागात रुजू झाले आहे. एनएबीएच या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या मानकांनुसार संसर्ग-नियंत्रण, औषधे, मृत्यू-परीक्षण अशा सर्व समित्या आमच्याकडे आहेत आणि त्यांची इतिवृत्तेही वेळेवर लिहिली जातात. परंतु एखाद्या व्हिजिटिंग कन्सल्टंटने, म्हणजे नोकरीत नसलेल्या, बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरने, शस्त्रक्रियेचा घेतलेला निर्णय योग्य होता का, हे मुख्यालयाला कुठून कळते, याचे उत्तर मला कोणत्याही फाइलमध्ये सापडलेले नाही. इंग्लंडमध्ये पॅटर्सन प्रकरणानंतर या बाबतीत बरेच बदल झाले, असे ऐकले आहे. तेथील कोणी सविस्तर लिहाल का?

डॉ. सलील, बर्मिंगहॅम
इयान पॅटर्सन हा शल्यचिकित्सक आमच्याच भागात, सोलिहलमध्ये, एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, रुग्णालयात आणि स्पायर या खासगी समूहाच्या रुग्णालयांत एकाच काळात काम करीत होता. कर्करोग नसलेल्या रुग्णांवर त्याने अनावश्यक शस्त्रक्रिया केल्या, तर कर्करोग असलेल्या काही स्त्रियांच्या स्तनातील ऊती मागे ठेवून रोग पुन्हा उद्भवण्याचा धोका वाढवला. सहकाऱ्यांनी २००३ पासूनच एनएचएसमध्ये शंका उपस्थित केल्या होत्या, तरी निलंबन २०११ मध्ये झाले. २०१७ मध्ये न्यायालयाने त्याला दोषी ठरवले आणि १५ वर्षांची शिक्षा अपिलात २० वर्षांवर गेली.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, तेथील खासगी रुग्णालयांत बहुतेक कन्सल्टंट नोकरीत नसतात, त्यांना केवळ तेथे रुग्ण पाहण्याची आणि शस्त्रक्रिया करण्याची परवानगी दिलेली असते. त्यांच्यावर सल्लागार वैद्यकीय समिती लक्ष ठेवते, असे कागदोपत्री मानले जाई. प्रत्यक्षात त्या समितीत त्याच रुग्णालयात रुग्ण आणणारे सहव्यावसायिक असत आणि तिचे काम सल्ला देण्यापुरते मर्यादित होते. बिशप ग्रॅहम जेम्स यांनी केलेल्या या प्रकरणाच्या चौकशीचा अहवाल फेब्रुवारी २०२० मध्ये आला. कन्सल्टंटच्या सरकारी आणि खासगी अशा संपूर्ण कामाची माहिती एकाच ठिकाणी लोकांना पाहता यावी, आणि रुग्णाच्या आजाराविषयीचे पत्र थेट रुग्णालाच, त्याला समजेल अशा भाषेत लिहून त्याची प्रत फॅमिली डॉक्टरला पाठवावी, अशा शिफारशी त्यात आहेत. मला स्वतःला ही दुसरी शिफारस अधिक परिणामकारक वाटते, कारण असे पत्र हाती असलेला रुग्ण दुसऱ्या डॉक्टरचे मत सहज घेऊ शकतो.

त्यापूर्वीच, २०१९ मध्ये, खासगी रुग्णालयांच्या संघटनेने एनएचएस इंग्लंडचे माजी वैद्यकीय संचालक सर ब्रूस कीओ यांच्या साहाय्याने एक आराखडा तयार केला होता. कन्सल्टंटने कोणत्या शस्त्रक्रिया कराव्यात याची व्याप्ती लेखी ठरवणे आणि त्याच्याविषयीची चिंता तो जेथे जेथे काम करतो त्या इतर संस्थांना कळवणे, यांवर त्यात भर आहे.

अनघाताई, ठाणे
मी अनेक वर्षे मेट्रन, म्हणजे परिचारिकांची प्रमुख, होते, म्हणून एवढेच लिहिते. कोणाचा हात चुकतो आणि कोण विनाकारण पोट उघडतो, हे ओटीतल्या (शस्त्रक्रियागृहातल्या) सिस्टरला समितीच्या कितीतरी आधी कळलेले असते. प्रश्न आहे तो तिने भरलेला इन्सिडेंट फॉर्म, म्हणजे चुकीच्या घटनेची लेखी नोंद, कोणाच्या टेबलावर जातो याचा. तो त्याच सर्जनच्या मर्जीतल्या युनिट हेडकडे, म्हणजे त्या रुग्णालयाच्या प्रमुखाकडे, जात असेल, तर दुसऱ्यांदा ती फॉर्म भरणार नाही.

मृणाल, पुणे
अनघाताईंचा मुद्दा पटला. डॉ. सलील, सर्जननिहाय आकडे काढावेत असे मी सुचवले, तेव्हा एकेका सर्जनच्या केसेस इतक्या कमी असतात की त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, असे मला सांगण्यात आले.

डॉ. सलील, बर्मिंगहॅम
मृत्युदराबाबत हा आक्षेप खरा आहे, आणि त्यावरून क्रमवारी तर मुळीच लावू नये. मात्र शस्त्रक्रिया आवश्यक होती का, हे पाहण्यासाठी मोठ्या संख्येची गरज नसते. काढलेल्या अवयवाचा हिस्टोपॅथॉलॉजी (ऊतींच्या सूक्ष्मदर्शक तपासणीचा) अहवाल आणि शस्त्रक्रियेपूर्वीचे निदान शेजारी ठेवून दुसऱ्या शहरातील त्याच शाखेच्या डॉक्टरकडून काही केसेस तपासून घ्या. अनेक रुग्णालयांच्या समूहाचा खरा फायदा इथेच आहे, कारण तपासणारा डॉक्टर त्या गावातला स्पर्धकही नसतो आणि मित्रही नसतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने चौकशी केली, तेव्हा मूळ प्रश्न हाच होता की शस्त्रक्रियेला वैद्यकीय कारण होते का. तो प्रश्न सरकारने विचारेपर्यंत थांबण्याचे रुग्णालयाला काही कारण नाही.

तपासणीचा अहवाल मात्र समूहाच्या वैद्यकीय संचालकाकडून थेट संचालक मंडळाच्या गुणवत्ता उपसमितीकडे जावा. ज्या युनिट हेडच्या बोनसचा हिशेब महिन्याच्या शस्त्रक्रियांवर होतो, त्याच्याकडे कन्सल्टंटची परवानगी स्थगित करण्याचा अधिकार ठेवू नका.