मागितलं म्हणून मिळालेली माणसं

या इमारतीत येऊन तीन वर्षं झाली होती आणि शेजाऱ्यांना मी फक्त पावलांच्या आवाजावरून ओळखत होते. एका रविवारी भिंतीवर फळी लावायची होती आणि ड्रिल मशीन नव्हतं. अर्धा तास मनाशी घोळ घालून शेवटी खालच्या मजल्यावरच्या काकांची बेल वाजवली. वाटलं, मशीन हातात देतील आणि दार लावून घेतील. ते मशीन घेऊन स्वतःच वर आले. बोटाने भिंत टकटकवत म्हणाले, "इथे नको हं. खाली स्विचबोर्ड आहे, वायर इथूनच वर गेली असणार." दोन भोकं पाडायला पाऊण तास लागला, कारण मधे त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आलं, माझी नोकरी आली. आता माझी जादा किल्ली त्यांच्याकडे असते.

अमेरिकी मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिनने ही गंमत अठराव्या शतकातच हेरली होती. विरोधात असलेल्या एका गृहस्थाकडून त्याने दुर्मिळ पुस्तक वाचायला मागून घेतलं, आठवड्याभरात आभाराच्या चिठ्ठीसह परत केलं, आणि तो माणूस जन्माचा मित्र झाला. त्याचा डाव होता, माझी अडचण होती, एवढाच फरक. तर तुमचे अनुभव येऊ द्या. थोर परोपकार नकोत. लहानसं काही मागितलं, विचारलं, सांगून टाकलं आणि माणूस जोडला गेला, असं काही.

*

मला डाव्या कानाने ऐकू येतं, उजव्याने जवळजवळ नाही. वीस वर्षं मी हसून मान हलवत काढली. लोक मला शिष्ट समजायचे. समजणारच, "कशी आहेस?" ला मी "हो हो" म्हणायचे! गेल्या वर्षी नवीन ऑफिसात पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "डावीकडून बोला, उजवा कान शोभेचा आहे." सगळे हसले. आता कॉरिडॉरमधून चालताना एक सहकारी बोलता बोलता मागून वळसा घालून माझ्या डावीकडे येतो. त्याच्या लक्षातही येत नसेल. माझ्या दर वेळी येतं.

*

आई आयसीयूत होती, अकरा दिवस. बाहेरच्या बाकांवर कुणाला कुणाचं नाव ठाऊक नसतं, पेशंटच्या बेडच्या नंबरावरून ओळख. मी "चार नंबर". दुसऱ्या रात्री शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुमचं कोण आहे आत?" तोवर फोनवरून पन्नास जणांना तब्येतीची बातमी दिली होती, पण रडलो पहिल्यांदा तिथे. त्या आठ नंबर. मग आमचं ठरलंच: एकाने डोळा लावायचा, दुसऱ्याने आतून हाक येते का बघायचं. चार्जर एकच होता, तोही त्यांचा. आठ नंबर बरे होऊन वॉर्डात गेले तेव्हा बाई मुद्दाम परत वर आल्या आणि चार्जर माझ्या हातात ठेवून गेल्या. आई राहिली नाही. चार्जर आहे. नाव विचारायचं राहून गेलं.

*

थोडा विरोधी सूर लावतो. मोकळेपणा म्हणून मी एकदा पहिल्याच महिन्यात एका सहकाऱ्याला घरातलं सगळं सांगून बसलो. आठवड्यात ते तिसऱ्याच माणसाने मला ऐकवलं. खिडकी उघडणं वेगळं, भिंत पाडणं वेगळं. जेफ्री हॉल या संशोधकाच्या २०१८च्या अभ्यासात साध्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला सोबत घालवलेले सुमारे ५० तास लागतात आणि जिवलग व्हायला २०० च्या वर, असं निघालं होतं. मी चार तासांत उरकायला निघालो होतो.

*

मी बोलका नाही आणि धाग्यात बसतो की नाही माहीत नाही. सकाळी फिरताना समोरून येणाऱ्या एका गृहस्थांना दोन वर्षं फक्त मान हलवायचो. स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली अशा 'ओळखीच्या अनोळखी' माणसांवर लिहिलंय. ती नेहमीच्या जागी बोलत नाहीत, पण दूर कुठे भेटली तर बोलण्याची शक्यता वाढते, असं त्याचं म्हणणं. अगदी तस्संच झालं. भलत्याच गावच्या स्टेशनवर ते दिसले आणि आम्ही दोघं एकदम "अरे, तुम्ही!" करत हात धरून उभे राहिलो. गाडी चुकता चुकता वाचली. परत आल्यावर पहिल्या सकाळी दोघंही जरा लाजलो. आता निदान शेवटचा चढ सोबत चढतो.

*

माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही, नुकतीच एकटी राहायला लागलेय. पण वरचं सगळं वाचून उद्या समोरच्यांकडे शिडी मागणार आहे. पॅसेजमधला बल्ब महिनाभर गेलेला आहे.

*

शिडीवालीच परत. त्यांच्याकडे शिडी नाही. पण आजोबा स्टूल घेऊन आले, आजी टॉर्च धरून उभ्या राहिल्या आणि मी वर चढल्यावर दोघं मिळून स्टूल दाबून धरत एकमेकांनाच ओरडत होते, "नीट धर!" बल्ब लागलाय.