सोसायटीच्या कचऱ्यात सुया सापडल्या. तक्रार कोणाकडे करावी?

प्रश्न (कासारवडवली, ठाणे)
आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक दवाखाना आणि रक्ततपासणीची प्रयोगशाळा आहे. आज सकाळी सुका कचरा वेगळा करताना आमच्या सफाईच्या मावशींच्या अंगठ्यात उघडी सुई घुसली. त्यांनी अंगठा पदराला पुसला आणि काम पुढे चालू ठेवले, ते मला पाहवले नाही. डब्यात आणखी चार-पाच सुया निघाल्या. त्या खालच्या दवाखान्यातूनच आल्या, अशी सर्वांची खात्री आहे. तक्रार महापालिकेकडे करावी की प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे?

उत्तर १ (परिचारिका, नेरूळ)
ताई, तक्रार उद्या केली तरी चालेल, मावशींना मात्र आत्ताच सरकारी रुग्णालयात न्या. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी. ती पिळू नये आणि बोट तोंडात घालू नये. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे द्यावीत की नाही हे डॉक्टर ठरवतील, परंतु द्यायची झाल्यास ती शक्य तितक्या लवकर आणि ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात व २८ दिवस घ्यावी लागतात.

लोक एचआयव्हीला घाबरतात, पण मला अधिक काळजी हिपॅटायटिस बी या यकृताच्या विषाणूजन्य आजाराची वाटते. बाधित रुग्णाची सुई टोचल्यास एचआयव्हीचा धोका साधारण ०.३ टक्के असतो, तर लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस बी होण्याचा धोका ६ ते ३० टक्के असतो, आणि हा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो. मावशींना ही लस कधी दिली होती का, हे आधी विचारा. धनुर्वाताचे इंजेक्शनही विसरू नका.

उत्तर २ (प्रयोगशाळा तंत्रज्ञ, कळवा)
जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम एका डॉक्टरच्या छोट्या दवाखान्यालाही लागू आहेत. सुया पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात, नळ्या आणि सुई काढलेल्या सिरिंजा लाल पिशवीत, रक्ताने माखलेला कापूस ४८ तासांपेक्षा जास्त साठवून न ठेवता पिवळ्या पिशवीत, आणि हे सारे सामायिक प्रक्रिया केंद्राच्या गाडीत जायला हवे. सिरिंज निकामी करूनच टाकायची असते, कारण तिच्या प्लास्टिकला भंगारात भाव मिळतो. २००९ साली गुजरातमधील मोडासा परिसरात वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्या गेल्याने हिपॅटायटिस बी ची साथ पसरली होती.

मात्र दवाखान्यावर बोट ठेवण्यापूर्वी त्या सुया, हात न लावता, नीट पाहा. रक्त काढण्याची आमची सुई लांब असते आणि बहुधा दोन्ही बाजूंनी टोकदार असते. इन्सुलिन पेनची सुई जेमतेम चार ते आठ मिलिमीटरची आणि प्लास्टिकच्या बुडाची असते.

प्रश्नकर्ती
मावशींना कालच रुग्णालयात नेले. लस कधीच दिली नव्हती, पहिली मात्रा मिळाली आहे. सुया मात्र छोट्या, प्लास्टिकच्या बुडाच्या निघाल्या. म्हणजे त्या आमच्याच कोणाच्या तरी घरातल्या आहेत. माझ्या सासूबाईही इन्सुलिन घेतात, आणि त्यांच्या सुया आजवर मीच कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकत आले आहे.

उत्तर १ (परिचारिका, नेरूळ)
अनेक घरांत असेच होते, कारण पेन देताना सुईचे काय करायचे हे क्वचितच कोणी सांगते. फिनेलची किंवा तशीच जाड प्लास्टिकची, घट्ट झाकणाची बाटली घ्या, तिच्यावर ठळक अक्षरांत 'सुया' असे लिहा, आणि तीन-चतुर्थांश भरल्यावर झाकण चिकटपट्टीने बंद करा. घरगुती सुया घातक कचऱ्यात मोडतात, म्हणून ती बाटली ओल्या-सुक्यात न टाकता घंटागाडीवर वेगळी, सांगून द्यावी. खालचा दवाखाना आपल्या पांढऱ्या डब्यात सुया स्वीकारेल का, हेही विचारून पाहा.

प्रश्नकर्ती
डॉक्टरांना विचारले, ते तयार आहेत. ज्या घरांत इन्सुलिन घेतले जाते त्यांच्यासाठी आज सूचनाफलकावर निवेदन लावले आहे. मावशींची दुसरी मात्रा एक महिन्याने आणि तिसरी सहाव्या महिन्यात आहे. खर्च सोसायटी करणार आहे, आणि रुग्णालयात सोबत मी जाणार आहे.