मदत हवी आहे : सैद्धांतिक भौतिकशास्त्रातील दाव्यांवर सामान्य वाचकाने कोणत्या आधारावर विश्वास ठेवावा?

भौतिकशास्त्राचे औपचारिक शिक्षण नसले तरी या विषयाची मला मनापासून ओढ आहे. आइन्स्टाइन यांनी १९१६ मध्ये वर्तवलेल्या गुरुत्वीय लहरी (अवकाश-काळात उठणारे तरंग) २०१५ मध्ये अमेरिकेतील लायगो वेधशाळेच्या उपकरणांनी टिपल्या आणि १९६४ मध्ये कागदावर मांडलेला हिग्ज बोसॉन हा मूलभूत कण २०१२ मध्ये सर्न या युरोपातील कणभौतिकी प्रयोगशाळेत सापडला. अशा वेळी गणित समजले नाही तरी निसर्गाने दिलेला कौल समजतो आणि माझी शंका तिथेच मिटते.

अडचण येते ती स्ट्रिंग सिद्धांतापाशी, म्हणजे मूलभूत कण हे अतिसूक्ष्म कंप पावणारे तंतू आहेत असे मानणाऱ्या सिद्धांतापाशी. दहा किंवा अकरा मितींची ही मांडणी अनेक दशके चालू असूनही तिला प्रत्यक्ष प्रयोगाचा आधार मिळालेला नाही, आणि सुपरसिमेट्रीने (प्रत्येक ज्ञात कणाला एक जोडीदार कण असावा, या कल्पनेने) सुचवलेले जोडीदार कणही सर्नच्या लार्ज हेड्रॉन कोलायडर या कणांची टक्कर घडवणाऱ्या यंत्रात अद्याप आढळलेले नाहीत. तरीही कित्येक लोकप्रिय व्याख्यानांत या कल्पना सिद्ध झाल्याच्या थाटात सांगितल्या जातात. (कृष्णद्रव्याबद्दल, म्हणजे न दिसणाऱ्या पण गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या पदार्थाबद्दल, मला अशी शंका वाटत नाही, त्याचा कण सापडलेला नसला तरी दीर्घिकांच्या परिभ्रमणाची निरीक्षणे समोर आहेत.)

तज्ज्ञांना खोटे ठरवण्याचा माझा हेतू नाही. परंतु गणित येत नसेल तर निमूटपणे विश्वास ठेवावा, हे उत्तर विज्ञानाच्या मूळ वृत्तीलाच छेद देते, असे माझे ठाम मत आहे. या क्षेत्रात काम केलेल्या सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे : प्रयोगाने पडताळलेला दावा आणि केवळ गणिती सुसंगतीवर उभा असलेला दावा यांतील फरक माझ्यासारख्याने कसा ओळखावा, आणि त्यासाठी किमान कोणते गणित शिकणे आवश्यक आहे?