मदत हवी आहे: लंडनचा एकच टीव्ही चॅनल दोन कंपन्यांत का वाटला होता?

मृण्मयी_पुणे
नमस्कार. पुढच्या गुरुवारी वर्गात ‘प्रसारण परवाने आणि स्पर्धा’ या विषयावर वीस मिनिटांचं सेमिनार द्यायचंय. ब्रिटनचं आयटीव्ही (जाहिरातींवर चालणारं, प्रदेशवार कंपन्यांचं खासगी टीव्ही जाळं) उदाहरण म्हणून घेतलंय आणि तिथेच अडलंय. १९६८ पासून लंडनमध्ये एकाच चॅनलवर सोमवार ते शुक्रवार संध्याकाळ थेम्स टेलिव्हिजन आणि तिथून रविवार रात्रीपर्यंत लंडन वीकएंड टेलिव्हिजन. इतर भागांत सातही दिवस एकच कंपनी. मग लंडनलाच दोन का? स्पर्धाच हवी होती तर सरळ दोन चॅनल का दिले नाहीत? शिवाय पुण्यातलं उदाहरण जोडायला सांगितलंय. एफएमशी तुलना चालेल का?

लहरलांबी
तुम्ही १९६८ पासून सुरुवात केलीत म्हणून कोडं सुटत नाहीये. १९५४ पासून धरा.

त्या वर्षीच्या टेलिव्हिजन कायद्याने आयटीए हे प्राधिकरण नेमलं आणि त्याला एक अट घातली: कार्यक्रम पुरवणाऱ्या कंपन्यांत पुरेशी स्पर्धा हवी, आणि त्या कंपन्या पैसा आणि नियंत्रण या दोन्ही बाबतींत एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. पण हातात लहरी होत्या मोजक्याच. व्यापारी टीव्हीसाठी बँड तीन या लहरींच्या पट्ट्यातले थोडेच चॅनल मोकळे झाले होते. लंडनच्या क्रॉयडन ट्रान्समीटरला चॅनल ९ मिळाला, मिडलँड्सच्या (मध्य इंग्लंड) लिचफील्डला ८. एका भागात दुसरा चॅनल द्यायला जागाच नव्हती. ‘दोन चॅनल का नाहीत’ याचं उत्तर एवढंच.

मग कापायला उरलं काय? प्रदेश आणि वार. वहीत तीन ओळी आणि दोन रकाने आखा. ओळी लंडन, मिडलँड्स, नॉर्थ (उत्तर इंग्लंड). रकाने सोमवार ते शुक्रवार आणि शनिवार-रविवार. सहा चौकोन होतात.
लंडन: असोसिएटेड-रीडिफ्यूजन / एटीव्ही
मिडलँड्स: एटीव्ही / एबीसी
नॉर्थ: ग्रॅनडा / एबीसी
सहा चौकोन, कंपन्या चार. एटीव्ही तिरकी गेलीय ती पाहा: लंडनमध्ये फक्त शनिवार-रविवार, मिडलँड्समध्ये फक्त आठवड्याचे दिवस. या तीन प्रदेशांत एकाच कंपनीला कुठेही अख्खा आठवडा नाही. लंडनचं प्रक्षेपण २२ सप्टेंबर १९५५ला सुरू झालं, मिडलँड्सचं फेब्रुवारी १९५६ मध्ये, नॉर्थचं मे १९५६ मध्ये.

वर्गात समजावताना बालगंधर्व रंगमंदिराचं उदाहरण द्या, लगेच पोचेल. थिएटर महापालिकेचं, नाट्यसंस्थांना मिळतात त्या तारखा. ट्रान्समीटर आयटीएचा होता, कंपन्यांना मिळालं ते वारांचं कंत्राट. आणि शनिवार-रविवारच्या तारखांसाठी किती ओढाताण होते हे पुण्यात कोणाला सांगायला नको.

इथे हमखास एक चूक होते. ही स्पर्धा एकाच वेळी प्रेक्षक खेचण्याची नव्हती. मंगळवारी रात्री लंडनच्या माणसाला आयटीव्हीवर एकच कंपनी दिसायची, समोर प्रतिस्पर्धी बीबीसी. कंपन्यांची आपसातली स्पर्धा होती ती आपला कार्यक्रम इतर प्रदेशांनीही घ्यावा, चांगल्या वेळेला लावावा यासाठी. हा फरक पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाका, नाहीतर पुढचे सगळे प्रश्न त्यावरच येतील.

जुना_अँटेना
आता १९६८ चं.

कंत्राटांच्या नव्या फेरीत आयटीएने वारांची वाटणी बाकी ठिकाणी मोडली आणि लंडनला ठेवली. नॉर्थमध्ये दोन मोठे ट्रान्समीटर होते, पेनाइन डोंगररांगेच्या पश्चिमेला विंटर हिल आणि पूर्वेला एमली मूर. त्यामुळे जमिनीवरच रेघ ओढता आली: पश्चिम ग्रॅनडाला, पूर्व नव्या यॉर्कशायर टेलिव्हिजनला, दोघांना सातही दिवस. मिडलँड्स सात दिवस एटीव्हीला. लंडनची गोष्ट वेगळी. अख्खं शहर एकाच ट्रान्समीटरखाली, आणि जाहिरातीचा पैसा सगळ्यात जास्त तिथलाच. सातही दिवस एकाला दिले असते तर ती कंपनी इतर सगळ्यांवर भारी पडली असती. जमीन कापता येत नव्हती म्हणून आठवडा कापला. म्हणून १४ प्रदेश आणि १५ कंपन्या असा आकडा येतो. तो चुकीचा समजून खोडू नका.

आठवड्याचे दिवस थेम्सला मिळाले. थेम्स म्हणजे रीडिफ्यूजन आणि एबीसी यांचं आयटीएने लावून दिलेलं लग्न, त्यात वरचष्मा एबीसीचा. प्रक्षेपण ३० जुलै १९६८ पासून. लंडन वीकएंडचं २ ऑगस्टपासून.

या रचनेत बिघडतं कुठे, हेही सांगा, माझ्या मते तोच भाग जास्त महत्त्वाचा आहे. वीकएंडवाल्या कंपनीकडे अडीच दिवसांचं उत्पन्न, पण स्टुडिओ स्वतःचा, जाहिरात विभाग स्वतःचा, निवेदक स्वतःचे. लंडन वीकएंडने गंभीर, दर्जेदार कार्यक्रमांचं आश्वासन देऊन कंत्राट मिळवलं. शनिवारी रात्री प्रेक्षकांना करमणूक हवी होती. प्रेक्षक घटले, मग इतर प्रदेशही तिचे कार्यक्रम चांगल्या वेळेला लावेनात. १९७० मध्ये वृत्तपत्रमालक रुपर्ट मरडॉक यांनी त्यात हिस्सा घेतला, १९७१ मध्ये जॉन फ्रीमन यांच्याकडे सूत्रं गेली, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

शब्दाबद्दल एक. स्लाइडवर ‘टीव्ही लायसन्स’ लिहू नका. ब्रिटनमध्ये त्याचा अर्थ प्रेक्षक भरतो ती फी, जिच्यावर बीबीसी चालते. १९९२ अखेरपर्यंत कंपन्यांकडे होतं ते ‘कंत्राट’. १९९० च्या कायद्यानंतर लिलाव झाले आणि १ जानेवारी १९९३ पासून ‘परवाना’ हा शब्द बरोबर. त्या लिलावात लंडनच्या आठवड्याच्या दिवसांसाठी कार्लटन या कंपनीने वर्षाला सुमारे ४.३२ कोटी पौंड बोली लावली आणि थेम्स बाहेर गेली. लंडन वीकएंडने मात्र सुमारे ७६ लाखांत परवाना राखला, कारण तिच्याहून मोठी बोली दर्जाच्या चाळणीत अडकली. एकाच ट्रान्समीटरवरचे दोन परवाने, दोन किमती. हा आकडा जरूर वापरा.

मेगाहर्ट्झ
पुण्याचं जोडायचं तर टीव्ही घेऊ नका. आपल्याकडे शहरवार टीव्ही परवानाच नाही. जमिनीवरून टीव्ही प्रक्षेपण फक्त दूरदर्शनचं. खासगी वाहिन्यांना अपलिंक-डाउनलिंकची (उपग्रहाकडे सिग्नल पाठवण्याची आणि तिथून उतरवण्याची) परवानगी मिळते ती देशभरासाठी.

एफएम मात्र चपखल बसतं, फक्त उलट्या बाजूने. इथे एका शहरात अनेक लहरी आहेत: ९१.१, ९४.३, ९५, ९८.३, शिवाय विविध भारती १०१ वर. त्यामुळे वार कापायची गरज नाही, कंपन्यांवर मर्यादा घातली की झालं. खासगी एफएम परवान्यांच्या दुसऱ्या टप्प्यात (२००५) नियम होता, एका शहरात एका कंपनीला एकच चॅनल. तिसऱ्या टप्प्यात (२०११) तो सैल झाला: एका कंपनीकडे शहरातले जास्तीत जास्त ४० टक्के चॅनल, पण शहरात किमान तीन वेगळ्या कंपन्या हव्यातच. हिशोब करून दाखवा. समजा सहा खासगी चॅनल आहेत, तर ४० टक्के म्हणजे २.४, म्हणून एका कंपनीला दोनच.

मृण्मयी_पुणे
तिघांचेही मनापासून आभार, तक्ता आखून झाला. शेवटची शंका: शुक्रवारची सीमा कुठे संध्याकाळी ७ दिलीय, कुठे ५.१५. यातलं बरोबर कोणतं? आणि ही वाटणी अजून आहे का?

जुना_अँटेना
दोन्ही बरोबर, वर्षं वेगळी. १९६८ ला ७ वाजता, १९८२ च्या नव्या कंत्राटापासून ५.१५. १९६८ च्या आधी शुक्रवार पूर्ण आठवड्याच्या कंपनीकडेच होता, म्हणून तक्त्यात शुक्रवारचा वेगळा उभा रकाना काढा आणि त्यात आडवी रेघ वर्षानुसार सरकवा. स्पर्धा म्हणून या वाटणीला अर्थ उरला नाही तो टप्प्याटप्प्याने: १९९४ मध्ये ग्रॅनडाने लंडन वीकएंड घेतली, २००४ मध्ये ग्रॅनडा आणि कार्लटन एकत्र येऊन आयटीव्ही पीएलसी झाली. तिथून दोन्ही परवाने एकाच मालकाकडे.